जिम्नीला ३० मिमीचे स्पेसर बसवावेत का?

अंबड तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. पाच दारी जिम्नी घेतली, कंपनीचे १९५/८० आर १५ टायर काढून २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन घातले. आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून टायर घासल्याचा आवाज येतो. वाळूज एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, तो अ‍ॅल्युमिनियमचे ३० मिमीचे स्पेसर (चाक ज्यावर बसतं तो हब आणि रिम यांच्यामध्ये घालून चाक बाहेर काढणाऱ्या जाड चकत्या) करून द्यायला तयार आहे. गाडी शहागडच्या पट्ट्यातल्या शेतात रोज जाते आणि अधूनमधून जालन्याहून समृद्धीने नागपूरलाही. बसवू का?

भाऊ, ३० मिमी बसवू नका. स्पेसर वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः कितीतरी गाड्यांना बसवून दिलेत. पण तुमची अडचण दहा मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर तुम्ही तीस मिलिमीटरचा इलाज करायला निघालात.

हिशेब बघा. १९५ चा टायर २१५ झाला, म्हणजे रुंदी २० मिमी वाढली. रिम तीच असल्यामुळे ही वाढ दोन्हीकडे निम्मी-निम्मी गेली, १० आत आणि १० बाहेर. टायरची उंची ६९३ मिमीवरून ७०३ च्या आसपास गेली, म्हणजे त्रिज्येत जेमतेम पाच मिमी फरक. ऑल-टेरेनच्या खांद्यावरचे ठोकळे थोडे जास्त बाहेर आलेले असतात, ते काही मिमी धरा. आता ३० चा स्पेसर घातलात तर आतली कड मूळ जागेपेक्षाही वीस मिमी बाहेर जाईल आणि बाहेरची कड चाळीस मिमी बाहेर येईल. घासणं थांबेल, पण बाहेर आलेल्या त्या चाळीस मिमीचं ओझं गाडी आयुष्यभर वाहील.

घासतंय कुठे ते आधी नीट बघा. पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागे चेसिसकडे जाणारा जो आर्म आहे, त्यालाच लागत असणार. डावीकडे पूर्ण वळवलं की डाव्या चाकाची मागची कड आत येते आणि आर्मला टेकते. उजवीकडे वळवताना तेच उजव्या चाकाचं. त्या आर्मला खडू फासा, गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत स्टिअरिंग फिरवा. खडू किती लांबीचा पुसला गेला यावरून किती मिमी कमी पडताहेत याचा अंदाज येतो. मग एक चाक बांधावर किंवा दोन विटांवर चढवून हेच पुन्हा करा, कारण अ‍ॅक्सल तिरका झाला की अंतर बदलतं. सपाट जागेवर मोकळं फिरणारं चाक शेतात उतरताना नेमकं घासतं.

यावर पहिला इलाज फुकटातला आहे. जिम्नीच्या पुढच्या नकलला, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या टोकाच्या भागाला, दोन्ही बाजूंना एकेक स्टॉप बोल्ट असतो, त्यावर लॉकनट असतो. स्टिअरिंग किती वळेल ते हा बोल्ट ठरवतो. लॉकनट ढिला करून बोल्ट दोन-तीन आटे बाहेर काढा, पुन्हा खडूची चाचणी घ्या. टायर आणि आर्मच्या मध्ये करंगळी सहज जाईल एवढी जागा झाली की लॉकनट घट्ट करा. दोन्हीकडे सारखंच करा. या गाडीची वळण्याची त्रिज्या ५.७ मीटर आहे, ती थोडीशी वाढेल. गल्लीत यू-टर्न घेताना एखादा रिव्हर्स जास्त मारावा लागेल, बाकी काही नाही. २१५/७५ घातलेल्या बहुतेक जिम्नींचं काम माझ्याकडे इथेच संपतं, आणि तुमचंही इथेच संपेल असं मला वाटतं.

एवढ्याने भागलं नाही, किंवा पूर्ण लॉक तुम्हाला हवाच आहे, तर मग चाक बाहेर काढण्याचा विचार करू. तो करण्याआधी चाक बाहेर गेल्याने काय होतं ते समजून घ्या, कारण विकणारा फक्त रुंदी वाढते एवढंच सांगतो.

हब बेअरिंगवर वजन कुठून पडावं हे रिमच्या ऑफसेटवरून ठरलेलं असतं. ऑफसेट म्हणजे रिमचं हबला टेकणारं तोंड रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेलं आहे ते माप, बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट अधिक ५ आहे. २५ चा स्पेसर घातला की तो वजा २० होतो. चाकावर साडेतीनशे किलो धरले, तर तेवढं वजन बेअरिंगच्या मध्यापासून २५ मिमी जास्त लांबून लोंबकळतं. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा हा भार काही पटींनी वाढतो. बेअरिंग लगेच जात नाही. लवकर जातं.

त्याहून महत्त्वाचं आहे किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती. जिम्नीला पुढेही सरळ, आखूड पण भरीव अ‍ॅक्सल आहे आणि नकल वर-खाली दोन किंगपिन बेअरिंगवर फिरतो. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर स्पेसरमुळे वाढतं. त्यामुळे स्टिअरिंग जड होतं. ब्रेक मारल्यावर एखादं चाक खडीवर आणि एखादं डांबरावर असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का हातापर्यंत पोचतो. या गाड्यांना साठ ते ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरायची खोड आधीच असते. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये जरासा प्ले (ढिलेपणा), बॅलन्सिंगमध्ये थोडी चूक आणि त्यात स्पेसर, असं तिन्ही जुळलं की हातातलं स्टिअरिंग अक्षरशः नाचतं. समृद्धीवर गाडीला १२० ची मुभा आहे. त्या रस्त्यावर ही खोड उफाळून आलेली मला नको आहे आणि तुमच्या घरच्यांनाही नको असणार.

फायदाही सांगायला हवा. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १३९५ मिमी आहे. दोन्हीकडे २५ घातले तर ते १४४५ होतं, साडेतीन टक्क्यांनी वाढतं. आडव्या उतारावर किंवा तिरका बांध ओलांडताना गाडी जरा जास्त पाय रोवून उभी राहते, हे खरं आहे. पण तुमची गाडी पाणंदीतून जाते. दोन्हीकडे बाभळी, मध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, अशा वाटेवर जिम्नीचं अरुंद असणं हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. तो पैसे देऊन कमी करू नका. शिवाय टायर फेंडरच्या बाहेर आला की काळ्या मातीचा चिखल दारांवर, काचेवर आणि आरशावर उडतो. पावसाळ्यात आरसा दिसेनासा होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आता जाडीचं सांगतो, कारण तुमच्या मित्राने ३० चा आकडा उगीच काढलेला नाही. स्पेसर दोन प्रकारचे. एक नुसती चकती, जी मूळ स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आटेदार बोल्टांवर) सरकवायची आणि त्याच स्टडवर रिम बसवायची. दुसरा स्वतःचे स्टड असलेला, जो मूळ स्टडवर नटांनी आवळायचा आणि रिम त्याच्या नव्या स्टडवर. चकतीत स्टडचे आटे जाडीने खाल्ले जातात. नियम साधा आहे: नट निदान स्टडच्या व्यासाएवढा आत गेला पाहिजे. जिम्नीचा स्टड १२ मिमीचा आणि आट्यांचं अंतर १.२५, म्हणजे नट हाताने साडेनऊ-दहा फेरे फिरला पाहिजे. पाच मिमीच्या चकतीनंतर हे फेरे मोजा. कमी भरले तर लांब स्टड टाकल्याशिवाय तो स्पेसर बसवायचा नाही, मग कुणीही काहीही सांगो.

स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये नटाला बसायला खोल खड्डा लागतो, खड्ड्याखाली १०-१२ मिमी धातू शिल्लक राहायला हवा, आणि मूळ स्टडचं टोक स्पेसरच्या तोंडाबाहेर यायला नको. त्यामुळे २५ च्या खाली हा प्रकार नीट जमत नाही. जिम्नीच्या झीटा मॉडेलला लोखंडी रिम येते, तिचा मागचा भाग सपाट असतो. तिथे टोक एक मिमी जरी बाहेर राहिलं तरी रिम त्या टोकांवर टेकते आणि नट घट्ट झाल्यासारखे वाटतात. अल्फा मॉडेलच्या अलॉय रिमला मागे पोकळ खाचा असतील तर थोडी सूट मिळते, पण ती स्वतः मोजून बघा. टोक जास्त येतं म्हणून काही जण मूळ स्टड ग्राइंडरने कापून देतात. ते करू देऊ नका. उद्या स्पेसर काढायचा ठरवलात तर रिमला आटेच पुरणार नाहीत.

म्हणजे तुम्हाला लागतात १०-१५ आणि सुरक्षित बनतो तो २५ चा. म्हणून माझा सल्ला असा, की स्टॉप बोल्टने भागत नसेल तर कमी ऑफसेटची रिम बघा. चाक तेवढंच बाहेर येतं, पण जोड एकच राहतो आणि स्पेसरचा जादा सांधा टळतो. एक लक्षात ठेवा, बेअरिंगवर आणि किंगपिनवर येणारा भार रिमनेही तेवढाच वाढतो. वाचतो तो सांधा. आणि रिम घेताना रुंदीकडे बघा. साडेपाच इंचाऐवजी सात इंची घेतलीत तर दीड इंच वाढ झाली, त्यातली १९ मिमी आत जाते. ऑफसेट शून्य असला तरी आतली कड आधीपेक्षा १४ मिमी आतच येईल आणि घासणं वाढेल. दुकानदार हे सांगत नाहीत.

एवढं करूनही स्पेसरच करायचे ठरले, तर वाळूजच्या मित्राला पुढचं वाचून दाखवा. त्यांच्याकडे चांगलं मशीन असेल, पण चांगल्या मशीनवर चुकीचं माप चांगलंच चुकीचं निघतं.

धातू ६०६१-टी६ घ्या, सर्टिफिकेटसह. भंगार वितळवून ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम नको, त्यात पोकळ्या असतात. जालन्यातून लोखंडी जाड प्लेट सहज मिळते म्हणून लोखंडाचे करायचा मोह होईल. १६५ मिमी व्यासाचा ३० जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर किलोच्या आसपास भरतो, लोखंडाचा पावणेतीन किलोच्या पुढे. हे वजन स्प्रिंगच्या खाली बसतं आणि प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सलसोबत वर-खाली उडतं.

पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १३९.७ आहे. १४० नाही. सोयीसाठी १४० टाकणारे मी पाहिलेत. ०.३ चा फरक डोळ्याला दिसत नाही, पण प्रत्येक नट स्टडला एका बाजूला ओढून बसतो. पाच स्टडच्या गाडीत समोरासमोर मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७०१ ने गुणा. मोजलेलं अंतर ८२.१ च्या आसपास यायला हवं. आणि हाच पीसीडी जिप्सीलाही आहे, बोलेरोलाही आहे. म्हणून दुसऱ्या गाडीचा तयार स्पेसर उचलू नका. पीसीडी जुळला म्हणजे आटे आणि मधलं भोक जुळलं असं होत नाही.

मधलं भोक हबच्या कड्यावर घट्ट सरकेल असं हवं. जिम्नीचं माप १०८ च्या आसपास आहे, पण तुमच्या गाडीचा हब मायक्रोमीटरने मोजूनच आकडा द्या. स्पेसरच्या बाहेरच्या तोंडाला तसंच कडं काढा, म्हणजे रिमही मध्यावर बसेल. भोकाच्या मागच्या काठाला चेंफर (तिरका कट) द्यायला विसरू नका. हबचं कडं जिथे तोंडाला मिळतं तिथे आतून गोलाई असते. काठ सरळ असेल तर स्पेसर त्या गोलाईवर अडतो आणि तोंड चिकटतच नाही. नट घट्ट लागतात, टॉर्क रेंचही टिक करतो, आणि शंभर किलोमीटरमध्ये सगळं ढिलं. नवा स्पेसर ढिला होण्याची अशी कारणं बाहेरून दिसतच नाहीत.

दोन्ही तोंडांवर पावडर कोटिंग नको. स्टड १०.९ ग्रेडचे, खरवडीदार मानेचे, प्रेसने दाबून बसवलेले. हातोड्याने ठोकलेले नकोत, वेल्डिंग तर अजिबात नको.

पावडर कोटिंगला मी एवढा विरोध का करतो ते एका जिप्सीवरून सांगतो. गाळप हंगामात एक जिप्सी आली, तक्रार स्टिअरिंग थरथरतं अशी. टायरवाल्याकडे बॅलन्सिंग करून झालं होतं. रिम उतरवली तर आतल्या पाच नटांपैकी दोन बोटांनी फिरले. नटांच्या खालचा लाल रंग चुरगळून निघालेला, भोकांभोवती करडी भुकटी, आणि हबच्या तोंडावर एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत घासलेला पट्टा. एका स्टडच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. चाक स्टडवर लटकत नाही, हे समजून घ्या. नट आवळल्यावर रिम, स्पेसर आणि हब एकमेकांवर एवढे दाबले जातात की त्यांच्यातल्या घर्षणावर गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर पेलला जातो. रंगाचा थर दबला, अर्धा मिमीही नाही, की हा दाब उतरतो. मग सगळा भार स्टडवर येतो, स्टड प्रत्येक फेरीला वाकतो-सरळ होतो आणि शेवटी तुटतो. आतल्या नटाखाली धातूच जेमतेम १०-१२ मिमी असतो, त्यामुळे स्टड ताणला जातो तोही अगदी थोडा. म्हणून तिथे जराशी दबही जास्त महागात पडते.

बसवताना हबच्या तोंडावरची गंजाची पापडी तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. ड्रम किंवा डिस्क धरायला स्टडवर पत्र्याची क्लिप असेल तर ती काढून टाका. काळी माती रेतीसारखी झटकली जात नाही, वाळली की सिमेंटसारखी बसते, म्हणून तोंडं आणि आटे दोन्ही धुऊन कोरडे करा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. तेलकट आट्यावर तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ताणतो. हबच्या कड्याला मात्र अँटी-सीझचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर पावसाळ्यानंतर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला धरून बसतं आणि स्पेसर हलत नाही.

नट आधी हाताने, मग एकाआड एक, दोन टप्प्यांत, शेवटी टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटर. आतले नटही तेवढेच. इम्पॅक्ट गनने शेवटचा आवळा देऊ देऊ नका. रिम बसल्यावर लॉक-टू-लॉक पुन्हा बघा, या वेळी बाहेरच्या बाजूला: बंपरचा कोपरा आणि चाकाच्या मागचं मडफ्लॅप. स्पेसर आतून सुटका करतो आणि बाहेर नवं घासणं सुरू करतो, असं बऱ्याचदा होतं.

मग ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा तपासायचे. चाक काढूनच, कारण बाहेरून आवळले जातात ते फक्त रिमचे नट. पंक्चरवाला चाक काढतो-घालतो, त्यालाही आतल्यांचं काही देणंघेणं नसतं. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला आणि पाण्या-चिखलातून जोराची खेप झाली की लगेच. चाक थंड असताना तपासा. उन्हाळ्यात समृद्धीवरून आल्या-आल्या अ‍ॅल्युमिनियम फुगलेलं असतं आणि ढिला नटही घट्ट लागतो. एकावर एक दोन स्पेसर कधीही नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फेंडरबाहेर आलेला टायर आरटीओला लांबूनच दिसतो. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी चाकांकडे बघतो. आणि हब किंवा किंगपिनचं काम निघालं तर वॉरंटीवर बोट ठेवलं जाणार.

तर वाळूजला ड्रॉइंग देण्याची घाई करू नका. या रविवारी खडू आणि पाना घेऊन स्टॉप बोल्ट फिरवा, विटांवर चढवून चाचणी घ्या, आणि त्यानंतरही दोन्ही बाजूंना किती मिमी कमी पडतात ते कळवा. सोबत किंगपिनचा प्ले बघा: पुढचं चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवलं की टकटक लागते का. लागत असेल तर टायर-स्पेसर सगळं बाजूला ठेवून आधी तेच काम करायचं.